कुलूपसाहेबांचं कलम अकरा

सोमवार, ३
झोप: तीन तास.

ऑफिसच्या वार्षिक तपासणीत डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, ओठ मुडपले आणि म्हणाले, "महिनाभर रोज किती झोप लागते ते लिहून ठेवा." मी गोळी घेणार नाही हे त्यांना आधीच सांगून टाकलं. गोळी घेऊन झोपायचं म्हणजे परीक्षेत पुस्तक उघडून बसायचं. तर ही ती वही. एका आकड्यासाठी आख्खं पान वाया घालवायची मला सवय नाही, म्हणून उरलेल्या जागेत दिवसभराचं लिहीन.

मी विधी विभागात कायद्यांचे मसुदे लिहितो. एकतीस वर्षं झाली. ऑफिसात मला मागून कुलूपसाहेब म्हणतात, आणि मला ते माहीत आहे हे त्यांना माहीत नाही. नाव वाईट नाही. मी लिहिलेल्या कायद्यातून आजवर एकही माणूस निसटलेला नाही. एकदा एक म्हैस निसटली होती, पण तो कोंडवाड्याचा कायदा होता आणि चूक छापखान्याची होती.

आज सचिवबाईंनी बोलावून नवं काम दिलं. रासायनिक नशेच्या गोळ्या-पावडरींवर राज्याचा वेगळा कायदा. गावोगावी पोरं यापायी मरताहेत. मंत्र्यांनी भर सभेत सांगून टाकलंय की देशातला सगळ्यात कडक कायदा आणू. मी विचारलं, कडक म्हणजे किती? बाई म्हणाल्या, "टेबलावरचा ग्लास पडला, इतक्या जोरात मूठ आपटली त्यांनी. तेवढा." २६ तारखेला मसुदा आमदारांच्या समितीपुढे जायचाय.

बायकोने विचारलं, रात्री झोपला होतात ना नीट? म्हटलं, झकास.

मंगळवार, ४
झोप: अडीच तास.

सरकारी प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ येऊन गेले. त्यांनी समजावलं की ही मंडळी मूळ पदार्थात एखादा बारीक बदल करतात. पदार्थ नवा, नशा तीच, आणि कायद्याच्या यादीत नाव नाही, म्हणून माणूस सुटला. आपण ते नाव यादीत घालेपर्यंत वर्ष जातं, तोवर त्यांनी तिसरंच काहीतरी काढलेलं असतं. म्हणाले, "तुमची यादी म्हणजे निघून गेलेल्या बसचं वेळापत्रक." मला राग आला. ती यादी मीच केली होती.

गुरुवार, ६
झोप: दोन तास.

सकाळी ऑफिसच्या लिफ्टमध्ये शिरलो आणि बराच वेळ उभा राहिलो. दार उघडलं तर बाहेर आमची टंकलेखिका. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून तिला सगळे टाचणी म्हणतात. म्हणाली, "साहेब, बटण दाबलं की वर जाते ही." मी तळमजल्यावरच होतो.

जेवताना पाण्याचा ग्लास डावीकडे का ठेवला म्हणून बायकोवर ओरडलो. तिचे डोळे भरून आले. ग्लास गेली सव्वीस वर्षं डावीकडेच असतो.

सासूबाई समोर बसल्या होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशनपासून त्या आमच्याकडेच असतात. चाळीस वर्षं दवाखान्यात औषधं द्यायचं काम केलेली बाई, माणसाकडे बघते तीच मुळी बाटलीवरचं लेबल वाचल्यासारखी. मला म्हणाल्या, "जावईबापू, झोपताय ना?" म्हटलं, आठ तास. त्यांनी मान हलवली आणि भात वाढला.

शुक्रवार, ७
झोप: दोन तास.

आज जेवणानंतर सासूबाईंनी कपभर गरम दूध आणून दिलं. मी दूध पीत नाही. त्या कप धरून उभ्याच राहिल्या. त्यांच्या गुडघ्याचा विचार करून प्यालो.

शनिवार, ८
झोप: आठ तास.

डॉक्टरांनी डोळे उघडून हा आकडा वाचावा. गोळी नाही, काही नाही, नुसता मनाचा निग्रह.

आणि उठल्या-उठल्या व्याख्या सुचली. यादीच नको. 'मेंदूवर, मनावर किंवा झोपेवर परिणाम करणारा, कृत्रिमरीत्या तयार केलेला कोणताही पदार्थ.' आता करा म्हणावं काय बदल करायचे ते. डॉक्टरांनी एखाद्याच्या नावाने लिहून दिलेलं औषध त्याने स्वतः घेतलं तर गुन्हा नाही. दुसऱ्याला दिलं की संपलं.

सोमवार, १०
झोप: आठ तास. काल, परवाही आठ.

कलम सात लिहिलं. पदार्थ विकला काय आणि फुकट दिला काय, दोन्ही पुरवठाच. किमान दहा वर्षं. कलम आठही झालं: वजन करताना तो पदार्थ ज्यात मिसळला असेल त्या सगळ्याचं वजन धरायचं. हे लोक चिमूटभर विष किलोभर पिठात मिसळतात आणि कोर्टात सांगतात, आमचं तर चिमूटभरच होतं. शंभर ग्रॅमच्या वर गेलं की व्यापारी प्रमाण, वीस वर्षं.

दूध हल्ली जरा कडवट लागतं. सासूबाईंना म्हटलं, तर म्हणाल्या, "म्हैस आजारी असेल." आमच्याकडे दूध पिशवीतून येतं. पण आठ तास झोपलेल्या माणसाला असल्या बारीकसारीक गोष्टींत पडावंसं वाटत नाही.

बुधवार, १२
झोप: आठ तास.

आज सगळ्यात मोठी पळवाट बंद केली. आतापर्यंतच्या प्रत्येक कायद्यात 'जाणूनबुजून' हा शब्द असतो, आणि प्रत्येक आरोपी कोर्टात हेच म्हणतो की मला काय माहीत पिशवीत काय होतं. मी तो शब्दच काढून टाकला. माहीत होतं की नव्हतं, हा प्रश्नच नाही. सचिवबाईंनी वाचलं आणि चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "हा कायदा मंजूर झाला की सहसचिवाची खुर्ची तुमचीच समजा."

घरी सांगितलं. बायकोला आनंद झाला. सासूबाईंनी दुधात साखर जास्त घातली.

शुक्रवार, १४
झोप: शून्य.

काल जिल्ह्याच्या गावी पोलिसांबरोबर बैठक होती, मुक्काम विश्रामगृहात. टक्क जागा. गादी चांगली होती, पंखा चांगला होता. उशीच काहीतरी वेगळी असावी.

शनिवार, १५
झोप: आठ तास. घरची उशी.

कलम अकरा झालं. इतकं सुबक वाक्य माझ्या हातून आधी कधी उतरलं नव्हतं. 'जो कोणी असा पदार्थ दुसऱ्यास त्याच्या नकळत, अन्नातून किंवा पेयातून देईल, त्यास जन्मठेप.' या माणसांची मला खरोखर चीड आहे. विकणारा निदान समोर उभा राहून विकतो. हे विश्वासातलं माणूस बनून हातात कप देणारे. मंत्रीही खूश होतील.

रविवार, १६
झोप: आठ तास.

आमच्या विभागात एक जुनी रीत आहे. कोणतंही कलम बाहेर जाण्याआधी दोघांनी बसायचं. एकाने कलम मोठ्याने वाचायचं आणि दुसऱ्याने आरोपी व्हायचं. या आरोपीला आम्ही 'क्ष' म्हणतो. क्षने सुटायचा प्रयत्न करायचा, आणि तो सुटला की कलम परत लिहायचं. नेहमी टाचणी क्ष होते आणि फार हुशारीने सुटते. पण ती बहिणीच्या बाळंतपणाला गेलीय. मग आज घरीच बसलो. बायकोने वाचायचं ठरलं, आणि सासूबाई म्हणाल्या, "मी होते तुमची क्ष. घेवडा मोडता मोडता होईल."

बायकोने कलम सात वाचलं.

सासूबाई म्हणाल्या, "समजा, माझी झोपेची गोळी मी दुसऱ्या कोणाला दिली."

"दहा वर्षं."

"अहो, फुकट दिली."

"फुकट तर जास्त वाईट, आई. फुकटचं लोक पटकन घेतात."

"अर्धीच दिली."

"नुसत्या गोळीचं वजन नाही धरायचं. कलम आठ. ती कशात मिसळली?"

"समजा, कपभर दुधात."

बायकोला ठसका लागला. मी तिला पाणी दिलं आणि हिशेब केला. "कपभर दूध म्हणजे दोनशे ग्रॅम. शंभरच्या वर. व्यापारी प्रमाण, वीस वर्षं."

सासूबाईंचा घेवडा थांबला. "आणि पिणाऱ्याला माहीत नसेल तर?"

मी तर खूश झालो. टाचणीला हा प्रश्न सुचला नसता. म्हटलं, "मग सरळ कलम अकरा. जन्मठेप."

"त्याच्या भल्यासाठी दिली तरी?"

"भलं कोणी ठरवायचं, आई? प्रत्येक जण हेच सांगणार."

"बरं, मी गेले तुरुंगात. पिणारा तरी सुटला ना?"

"सुटतो कसला? कलम बारा, सेवन. सहा महिने. सरकारी नोकर असेल तर बडतर्फ."

"अहो, पण त्या बिचाऱ्याला ठाऊकच नव्हतं."

"आई, सगळे हेच म्हणतात. म्हणून तर 'जाणूनबुजून' काढलाय."

त्यांनी हातातली शेंग ताटात टाकली. मग म्हणाल्या, "बिचारा," आणि घेवड्याचं ताट उचलून आत गेल्या. बायकोही गेली. मी कागदावर शेरा मारला: क्ष निरुत्तर. कलमं सात ते बारा पक्की.

सोमवार, १७
झोप: दोन तास.

काल दूध मिळालं नाही. सासूबाई म्हणाल्या, नासलं. आजही नासलं. म्हशीची तब्येत फारच बिघडलेली दिसते.

बुधवार, १९
झोप: दीड तास.

घरात कमालीची शांतता आहे. बायको कामापुरतं बोलते. सासूबाई मात्र माझ्या कामात एकदम रस घ्यायला लागल्यात, बरं वाटतं. आज विचारत होत्या, तुरुंगात चष्मा जवळ ठेवू देतात का. म्हटलं, देतात. खाली बसायला लागतं की खाट असते, कारण गुडघे वाकत नसतील तर? म्हटलं, वयस्कर बायकांसाठी काही सोय असावी. मग म्हणाल्या, "आणि आपणहून कबूल केलं तर शिक्षा कमी होते का?"

मी सांगितलं की मसुद्यात आधी तशी सूट होती, ती मीच काढली. न्यायाधीशाच्या हातात काही ठेवलंच नाही, कारण न्यायाधीशांना दया येते आणि मग कुलूप ढिलं होतं.

"नाही येऊ द्यायची दया," त्या म्हणाल्या. मी म्हटलं, बरोब्बर.

गुरुवार, २०
झोप: एक तास.

हे सगळं नीट लिहितो, क्रमाने.

संध्याकाळी डॉक्टरांसाठी म्हणून तासांचा तक्ता करायला घेतला. तीन ते सात तारीख: तीन, अडीच, दोन. आठपासून सोळापर्यंत: आठ, आठ, आठ. मध्ये चौदाला शून्य, त्या रात्री मी घरी नव्हतो. सतरापासून पुन्हा दोन, दीड, एक. मग शेजारी, का कोण जाणे, दूध कधी कधी मिळालं तेही लिहिलं. एकतीस वर्षं मी दुसऱ्यांचे पुरावे वाचतोय. इतका स्वच्छ पुरावा कधी पाहिला नव्हता, आणि तो माझ्याच अक्षरात होता.

मी सासूबाईंच्या खोलीत गेलो. म्हटलं, "आई, दुधात काय होतं?"

त्यांनी कॉटखालून पिशवी ओढून काढली. दोन जोड कपडे, चष्म्याचं घर, गुडघ्याचं तेल. म्हणाल्या, "माझी अर्धी गोळी. रविवारपासून तयारीतच आहे मी. फक्त माझ्या लेकीला यात गोवू नका, चुरा मी केला."

दारातून बायको म्हणाली, "आणि ढवळत मी होते."

मला राग आला. खरा राग आला, उगाच सभ्यपणाने का लिहू. माणसाला न विचारता त्याच्या पोटात काहीही घालायचं? माझ्या तब्येतीला काही झालं असतं तर? मी मोठ्याने बोललो. सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "चाळीस वर्षांत कोणाला न सांगता एक थेंब दिला नाही. हे पहिलंच, आणि चूकच केली. पण तुम्ही भिंतीला धरून चालत होतात, आणि विचारलं की झकास म्हणत होतात. ही रोज माझ्या खोलीत येऊन रडायची. आम्हाला वाटलं, तुम्ही मराल."

मी पिशवी उचलून परत कॉटखाली सरकवली.

शुक्रवार, २१
झोप: नाही.

माझ्या कायद्याने आमच्या घराचा निकाल असा. सासूबाई: आठ कप, आठ जन्मठेपा. बायको: मदत केली म्हणून तेवढंच. मी: सेवनाचे आठ गुन्हे, चार वर्षं, शिवाय बडतर्फ. एकूण माल सोळाशे ग्रॅम. घरात स्वयंपाकाला कोणी उरत नाही.

कायदा अजून झालेला नाही, तेव्हा पकडायला कोणी येणार नाही. पण झाला की अशा किती घरांत येतील? आपली गोळी शेजारणीला देणारी बाई, परीक्षेच्या वेळी मैत्रिणीला जागायची गोळी देणारी मुलगी. मी दिवसभर क्ष होऊन माझ्याच कलमातून बाहेर पडायचा प्रयत्न केला. कुठूनच पडता येईना. काम चोख झालंय, यात वाद नाही.

सोमवार, २४
झोप: दोन तास.

सचिवबाईंकडे गेलो. म्हटलं, तीन बदल हवेत. 'जाणूनबुजून' परत घालायचा, विक्री नसेल तिथे वजन फक्त मूळ पदार्थाचं धरायचं, आणि पैशाचा किंवा वाईट हेतूचा संबंध नसेल तिथे न्यायाधीशाला शिक्षा कमी करायची मुभा द्यायची.

बाई म्हणाल्या, "तीन पळवाटा. आणि त्या तुम्ही मागताय? कारण काय लिहू?"

"सर्वसाधारण."

"सर्वसाधारण कारणासाठी मंत्री शब्द फिरवत नाहीत. पोस्टरं छापून झालीयेत." मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "परवाचा दिवस गप्प काढा. खुर्ची हातातोंडाशी आलीय तुमच्या."

खरं कारण सांगायला तोंड उघडलं होतं. मिटलं. सगळ्या ऑफिसात हसू होईल, या भीतीने मिटलं. माझी मलाच लाज वाटली.

बुधवार, २६
झोप: तीन तास.

समितीची बैठक झाली. अकरा आमदार, मंत्री स्वतः, सचिवबाई आणि कोपऱ्यात मी. अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त मास्तर आहेत. प्रत्येक विधेयकाच्या शेवटी ते मसुदा लिहिणाऱ्याला एकच ठरलेला प्रश्न विचारतात: "यात एखादा निरपराध अडकेल का?" ठरलेलं उत्तर आहे, "नाही, महोदय." मी ते चाळीसेक वेळा दिलंय, बहुतेक वेळा प्रश्न संपायच्या आत.

आजही त्यांनी विचारलं आणि पुढचा कागद हातात घेतला.

मी म्हटलं, "अडकेल, महोदय."

कागद खाली आला. "कोण?"

"मी."

मंत्र्यांनी सचिवबाईंकडे बघितलं. सचिवबाईंनी छताकडे. मग मी सगळं सांगितलं. झोप, दूध, म्हैस, कलम सात, आठ, अकरा, बारा. ही वही दाखवली. हसू आधी मागच्या रांगेत आलं, मग सगळीकडे. एकाने विचारलं, "सोळाशे ग्रॅम? म्हणजे तुम्ही व्यापारीच." म्हटलं, "घाऊक." माझे कान तापले होते, पण एकदा सुरुवात केल्यावर मला थांबता येईना.

एक आमदारबाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्या भागात दोन पोरं गेली या गोळ्यांनी. एकोणीस वर्षांची होती. त्यांच्या आयांना जाऊन काय सांगू, सरकारला कोणाच्या सासूची दया आली म्हणून कायदा सैल केला?"

मी तयारी करून काहीच गेलो नव्हतो. म्हटलं, "बाई, त्या पोरांना ज्याने विकलं त्याची वीस वर्षं तशीच राहू द्या. त्यातला एक दिवस कमी करायला मी सांगत नाही. पण तो आणि आमच्या सासूबाई एकाच पिंजऱ्यात उभे राहिले, तर दोघांत फरक काय, हे बघायची मुभा न्यायाधीशाला राहू द्या. मी ती काढून घेतली होती. ती माझी चूक."

बाईंनी मसुद्यातली सात आणि आठ ही कलमं पुन्हा वाचली. मग म्हणाल्या, "विकणाऱ्याचं काही हलत नसेल तर माझी हरकत नाही."

तिन्ही बदल झाले. कलम अकराखाली एक ओळ वाढली: पैशाचा किंवा अपायाचा हेतू नसेल, तर न्यायाधीश नुसती समज देऊनही सोडू शकेल. बाहेर मंत्री पत्रकारांना सांगत होते की कायद्याला माणुसकीचा चेहरा द्यायचं त्यांच्या पहिल्यापासून मनात होतं. सचिवबाई जिन्यात म्हणाल्या, "खुर्ची गेली, कुलूपसाहेब." तोंडावर हे नाव पहिल्यांदाच घेतलं त्यांनी.

गुरुवार, २७
झोप: चार तास.

संध्याकाळी घरी दोघींना बसवून सगळं सांगितलं. खुर्ची गेल्याचंही सांगितलं. बायको म्हणाली, घरात खुर्च्या कमी आहेत का? बऱ्याच दिवसांनी ती माझ्याशी सरळ बोलली.

सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे आता मला काय?"

"नुसती समज, आई. जास्तीत जास्त."

"मग द्या."

मला वाटलं चेष्टा करताहेत. पण त्या खरंच खुर्चीत ताठ बसल्या, हात मांडीवर ठेवले आणि चष्मा नीट केला. बायकोनेही हातातलं काम खाली ठेवलं. एकतीस वर्षं मी शिक्षेची वाक्यं लिहितोय, पण हे एक वाक्य जुळेना. दोनदा सुरुवात केली आणि सोडून दिली. शेवटी म्हटलं, "आई, पुन्हा मला न विचारता काही देऊ नका."

"नाही देणार," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही उभे राहा."

मी उभाच होतो.

"जावईबापू, पुन्हा आठ-आठ दिवस जागून आम्हाला झकास म्हणून सांगू नका."

मी त्या वाक्यात पळवाट शोधली. सापडली नाही. बायको माझ्या तोंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "मंजूर."